केक भांडं सोडेना

माकुणसार,
४ जानेवारी २०२५

ती. सौ. दमयंतीताईस कृष्णकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू ओरडलीस की तुझ्या अख्ख्या इमारतीला आपलं घरचं कळतं, म्हणून पत्र. रिद्धी आणि भावेशराव मला कायमचं तिकडे तुमच्या बोईसरला न्यायचं म्हणतात. वर्षाराणी गेल्यापासून बाबांचे खाण्याचे हाल होतात, असं लेकीचं ठाम मत. १९ तारखेला रविवारी दोघं येणार आहेत. तेव्हा वाडीतल्या केळ्यांचा केक पुढ्यात ठेवायचा आणि विषय संपवायचा, असा माझा बेत आहे. तिची आई करायची, अगदी तसा.

केक फुगतो, वासही छान येतो, पण भांडं सोडत नाही. काल उलथण्यानं खरवडून काढला. शेजारची कमळी म्हणाली, शिरा बरा झाला हाय. मी मान डोलावली. सफाळ्यात बटरपेपर मिळाला नाही. दुकानदारानं वर्तमानपत्र घाला म्हणून सुचवलं. घातलं, तर केकच्या बुडावर राशिभविष्य उमटलं. माझ्या राशीला स्थलांतराचा योग होता.

उपाय कळव. लोभ आहेच, तो या केकमुळे कमी करू नकोस.

तुझा,
कृष्णकांत


बोईसर,
९ जानेवारी

चि. कृष्णकांतास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भावोजी चहा सांडेपर्यंत हसले. अरे, कागद लागतोच कशाला? तू तेल लावलं असशील, तेही हात आखडून. घट्ट लोणी घे आणि बोटानं कानाकोपऱ्यात फास. वर चमचाभर मैदा टाकून भांडं फिरव, सगळीकडे पांढरा थर बसला की उपडं करून जास्तीचा झटकून टाक. भाजल्यावर लगेच काढशील तर केक मोडेल. पार गार होऊ दिलास तर आतल्या वाफेनं ओला होऊन पुन्हा चिकटेल. भांडं हाताला सोसेल इतकं निवलं की कडेनं सुरी फिरवून ताटात उपडं कर. तू उतावळा, म्हणून तेवढ्या वेळात वाडीला पाणी लावून ये.

वर्षाराणी हेच करायची. तू इतकी वर्षं समोर बसून खाल्लास, कधी बघितलं नाहीस.

आणि रिद्धीला तुझ्या जेवणाची चिंता नाहीच. दिवसभर तू कुणाशी बोलतोस, याची आहे. तरी केक कर.

तब्येतीला जप, माया आहेच.

तुझी,
ताई


माकुणसार,
२१ जानेवारी

ती. सौ. ताईस शि. सा. न.

केक सुटला. ताटात पडताना आवाजसुद्धा झाला नाही, निदान मला तरी आला नाही.

रिद्धीनं तो चहूबाजूंनी बघितला आणि मग बेकरीचं खोकं शोधत घर धुंडाळलं. भाऊंनीच केला, मी बघितला हाय, असं कमळीनं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे तिनं घास घेतला. नंतर खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. मला ओठ दिसले नाहीत. मी पुन्हा विचारलं नाही.

भावेशरावांनी तीन तुकडे संपवले आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, आता तर तुम्हाला न्यायलाच हवं." म्हणजे बघ, माझं माझ्यापुरतं भागतं हे दाखवायला गेलो आणि त्यांच्या उपयोगाचा ठरलो. सांभाळायला म्हणून नेत होते तेव्हा राग यायचा. केकसाठी न्यायला निघाले तर राग आला नाही. तरी मी नाहीच म्हटलं.

मग रिद्धीनं जाताना फर्मान काढलं, की बाबा येत नाहीत तर दर रविवारी आम्हीच येऊ. एकट्यानं सुखात राहण्याचा माझा बेत असा पार पडला. आज सफाळ्याहून लोण्याचा मोठा डबा आणलाय.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
कृष्णकांत