वीतभर गवत

रविवार, १७ ऑगस्ट २०१४
पुंगोल

आम्ही नवरा-बायको अजितच्या साहेबांच्या काँडोतल्या फ्लॅटवरून आत्ताच परतलो. त्यांनी लिलावात दोनशे वर्षांपूर्वीचं अस्सल विलायती चित्र घेतलंय. किल्ल्याचा पडका दरवाजा, कमानीवर वेली, मागे पेटलेलं आभाळ आणि दरवाजात मोळी घेतलेली एक बाई. त्या बाईला गुडघ्यांखाली पायच नाहीत!

मी विचारलं, तर साहेब हसून म्हणाले, "एसी आणि सोफ्याच्या मध्ये बसत नव्हतं हो. फ्रेमवाल्याकडून खालून वीतभर कापून घेतलं. नुसतं गवत होतं तिथे."

गवत! आणि तिचे पाय?

मग सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, "तुम्ही पुण्याला चित्रकलेच्या बाई होतात ना? सांगा, कसं दिसतंय?" अजित माझ्याकडे बघत होता. पुढच्या महिन्यात त्याचा इथे परदेशात नोकरी करायचा पास रिन्यू व्हायचाय, तो साहेबांच्याच हातात. मी म्हणाले, "छान! आता नजर थेट कमानीवर जाते."

का म्हणाले मी असं? माणसाचे पाय कागदाबाहेर गेले तर पोरांना अख्खं चित्र पुन्हा काढायला लावणारी मी! संध्याकाळभर साहेब येईल त्या पाहुण्याला माझं वाक्य ऐकवत होते आणि मी त्या गुडघ्यांकडे पाठ करून श्रीखंड खात होते. शी!

आम्ही निघताना साहेब म्हणाले, "बेडरूमसाठी आणखी एक घेतलंय, जरा मोठंच आहे. पुढच्या रविवारी या. कुठून कापायचं, तेवढी खूण तुम्हीच करून द्या."

मी म्हणाले, पेन्सिल घेऊन येते.