राणीचं नाक

४ मार्च

बसली! राणी स्वतः माझ्यासमोर बसली, खिडकीपाशी, चांगली तासभर. जेमतेम बावीस वर्षांची. नाकाला मध्येच उंचवटा — एकाही चित्रात तो दिसत नाही. मेणाच्या नमुन्यात तो मी अंगठ्यानं हळूच उठवला. राज्याभिषेकाचं पदक, आणि ते माझ्याकडे! बाबा असते तर...

९ मार्च

दरबारचे कारभारी मेणाचा नमुना बघायला आले. म्हणाले, ‘नाक सरळ करा.’

राणी हळूच म्हणाली, ‘राहू दे ना. आईचं आहे.’

‘महाराणी, तुमचं नाक आता राज्याचं आहे!’

ती हसली नाही. मीही नाही. घरी येऊन मात्र पोट धरधरून हसले.

१० मार्च

टांकसाळीच्या साहेबांची तंबी — कारभारी म्हणतील तसंच.

२१ मार्च

पदकं ज्यानं छापायची तो ठसा पोलादात कोरतेय. इथे सगळंच उलटं — उंच ते खोल, डावं ते उजवं. तिचा चेहरा तळ्याच्या तळाशी झोपल्यासारखा. दुपारचं ऊन सरकत त्यावर आलं की वाटतं, आता पापणी हलेल! संध्याकाळी रस्त्यावरची माणसंही खोलगट दिसतात.

नवरा म्हणाला, ‘असतेस कुठे गं हल्ली?’

काय सांगू? पाण्याखाली.

नाकापाशी आले की कोरणी अडते.

२६ मार्च

उंचवटा ठेवला.

२ एप्रिल

पहिलं पदक निघालं. साहेब कडाडले, ‘तिचं नाक राखलंस आणि माझं कापलंस, पोरी!’ नोकरी गेली असंच धरून चालले होते. तेवढ्यात राणी आली, मागोमाग कारभारी. पदक तळहातावर घेतलं, नाकावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. ‘लोकांना मी अशीच कळू दे.’

कारभाऱ्यांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१७ एप्रिल

जिकडेतिकडे तीच — लोकांच्या छातीवर, दुकानांच्या काचेत. शाळेतून सुटलेली, नाकाला तसाच उंचवटा असलेली एक मुलगी पदक लावून, हनुवटी वर करून चालली होती. जणू सगळा रस्ता तिचाच! मी तिच्यामागून उगाच दोन गल्ल्या चालले.

५ जून

गादी राणीच्या काकांकडे गेली. ती कुठे आहे, कुणी बोलत नाही. ठसा फोडायचा हुकूम — आणि तो मीच फोडायचा! हातोडा उचलला. नाही जमलं. ठसा शालीत गुंडाळला आणि निघाले. फाटकावरचा शिपाई रोज झडती घेतो, आज घेतली नाही. एवढंच म्हणाला, ‘बाई, दोन्ही हातांनी धरा. जड आहे.’