कॉमिकच्या पुड्या

आत्ये,

मला सुक्या कोळंबीचे सोडे आवडत नाहीत, असं चोवीस वर्षं मी तुला खोटं सांगत आलो.

दहा वर्षांचा होतो. मे महिन्याच्या सुट्टीत नाटे गावात तुझ्याकडे आलो होतो. माझं कॉमिक अर्धं वाचून झालं होतं आणि उडत्या घोड्यावरचा वीर राक्षसाच्या मुठीत अडकला होता. समुद्रावरून खेळून परत येतो तर काय, उरलेली पानं फाडून तू सोड्यांच्या पुड्या बांधल्या होत्यास! मी रडलो, तर म्हणालीस, "मेल्या, कागदच ना तो! दुसरा देते आणून." तुला वाचता येत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. राग तुझा आला होता, काढला सोड्यांवर.

परवा मांडवीत रद्दीवाल्याकडे तेच कॉमिक दिसलं. तिथेच उभ्याने शेवट वाचला. तर म्हणे, सगळं स्वप्न होतं! मी इतका हसलो की रद्दीवाला बघतच राहिला. ज्याच्यासाठी एवढा रुसलो, ते आता फुकट दिलं तरी मला नको होतं. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

हे पत्र पाठवलं, तर तुझी सून सलोनी ते मोठ्याने वाचून दाखवील आणि तू उगाच डोळ्यांना पदर लावशील. म्हणून माझ्याकडेच ठेवतो. फोनवर एवढंच सांगेन, रविवारी जेवायला येतोय, सोडे भिजत घाल.

तुझा भाचा,
सर्वेश