पाण्यावरची साय

३ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं लिहितात.
आमच्या शेडमध्ये समुद्र मोजायचं यंत्र बनतंय. अख्खा समुद्र नाही, वरची साय तेवढी. दुधावर असते तशी पाण्यावरही असते म्हणे, आणि ऊन-वाऱ्याची सगळी देवघेव तिथेच चालते. यंत्र बनवून घेणाऱ्या शास्त्रज्ञ मॅडमना तीच बघायची आहे. दोन तरंगते फ्लोट, मध्ये फ्रेम, फ्रेमखाली केसाहून बारीक तार. तारेचं सोल्डरिंग माझं. म्हणजे यंत्र जवळजवळ माझंच.

५ मार्च
खाडीबाहेर चाचणी आहे. लाँच जवळ गेली की पाणी हलतं, म्हणून ती लांब थांबणार. यंत्राची केबल धरून रबरी होडीत एकच माणूस बसायचा. सगळ्यांत हलका मी.
चाचणी जमली तर मला मोहिमेच्या जहाजावर नेणार, नोकरी पक्की. नाही जमली तर महिनाअखेरीस घरी, दाजींच्या दुकानात. निघताना दाजींना ऐकवून आलोय की आता तुमच्या गल्ल्यामागे मेलो तरी बसणार नाही.
भीती वगैरे काही नाही. पोहता येतं. पाठीला डबा बांधला की चांगलंच येतं.

६ मार्च
ठराव: रोज बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा.

७ मार्च
बादलीत साबणाचा वास. श्वास कोरड्यातच रोखला. फरक काय पडतो?

९ मार्च
वेल्डरकाकांना सहज विचारलं, तिथे पाणी किती खोल असेल. म्हणाले, तुझ्या उंचीच्या माणसाने चौकशी करू नये, सगळं सारखंच.
विनोदी माणूस. रात्री जेवलो नाही. मेसची भाजी बेचव होती.

११ मार्च
आक्काचा फोन. तिला म्हटलं, माझ्यावाचून इथलं पान हलत नाही. ती म्हणाली, "तू घाबरलास ना, की असंच मोठं बोलतोस."
रेंज खराब होती. ठेवला.

१३ मार्च, दुपारी
झाली चाचणी.
लाँच मला सोडून लांब गेली आणि इंजिन बंद झालं. इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. पाणी आरशासारखं. वाकून बघितलं तर माझं तोंड, आणि तोंडाखाली काळं. किती खाली कुणास ठाऊक. होडीच्या रबराला बोट लावलं तर ते आत गेलं. एवढ्याशा रबराच्या पलीकडे ते सगळं.
मॅडमनी सांगितलं होतं, दगडासारखा बस. बसलो. आईला हाक मारली, पण मनात. केबल सोडली नाही, हे लिहून ठेवतो. लाँचवर परत आणल्यावर माझी बोटं दुसऱ्याने उघडली.
एकूण छान अनुभव.

१४ मार्च
मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत बारीक, दाट दातेरी रेघ. आजवर अशी कुणी पकडली नसेल, म्हणून मी अभिनंदन केलं.
त्या म्हणाल्या, "ही पाण्याची थरथर नाही. तुझी आहे. केबलमधून उतरलीय."
मी म्हटलं, वारा असेल. वारा नव्हता. म्हटलं, मासा असेल. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला.

१६ मार्च
माझ्या वजनाचं वाळूचं पोतं भरायला सांगितलं. मीच भरलं. होडीत ठेवलं, केबल त्याला बांधली. रेघ स्वच्छ आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी तर शिटी. जहाजावर पोतं जाणार. माझं काम महिनाअखेरपर्यंत.
मी धक्क्यावर उभा होतो. लांबवर होडी, होडीत ते एकटं, खाली तेवढं पाणी. कुणी त्याला लाइफ जॅकेटही घातलं नव्हतं. मी सुचवलं, कुणी ऐकलं नाही.
होडी परत येईपर्यंत माझे हात थांबेनात. गारठा फार होता. बाकीचे शर्टाच्या बाह्या दुमडून उभे होते, पण त्यांना इथली सवय आहे.