धुरात पिकलेलं

१२ डिसेंबर १९५४
धुळ्याहून निघताना कंटाळलो होतो, इथे उतरल्यावर जीव सुपाएवढा झाला. रावेरकडे नजर जाईल तिथे केळीच केळी. बागेचे मालक जीवराम नाना. त्यांनी स्टेशनावर छकडा पाठवला, जेवायला भरीत आणि कळण्याची भाकरी. माझी शिकारी म्हणून ख्याती त्यांच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे. उभ्या जन्मात एक बिबट्या मारला, तोही म्हातारा. नाव सोनूबाई! दिवाळीत बागेत तारा पडला आणि तेव्हापासून वासरं नाहीशी होतात, असं नाना सांगतात. मी गंभीर चेहऱ्याने ऐकलं आणि भरीत पुन्हा वाढून घेतलं.

१३ डिसेंबर
बागेचा राखणदार भिकन सोबतीला आहे. गप्पिष्ट, दुसऱ्याच्या विड्या ओढणारा, झकास माणूस. निघताना त्याची बायको मंजुळाबाई म्हणाली, "यायले जसं नेता तसं वापस आना, भाऊ." मिशीवर ताव देऊन मी शब्द दिला. बागेत वासराचं नुसतं कातडं सापडलं, आत काही नाही. मग थट्टा सुचेना.

१५ डिसेंबर
भरदुपारी दिसलं. केळीच्या खांबांमध्ये उलटं लोंबत होतं, रेड्याएवढं, कच्चं हिरवंगार. दोन्ही नळ्या झाडल्या. रक्त नाही, चीक उडाला. सदरा वाया गेला. भिकन जवळ जाऊन म्हणाला, "हे जनावर नाही, भाऊ. याले देठ हाये." मी म्हटलं, जाळा. पण मोतीलाल अडत्या पक्का बिलंदर. म्हणे मुंबईचा सर्कसवाला डोळे झाकून विकत घेईल. मग केळी पिकवायच्या खोलीत ते कोंडलं. धुगधुगी उरली असेल तर जाईल म्हणून आत गोवऱ्यांचा धूर केला, दार चिखलाने लिंपलं. धुरात उंदीरसुद्धा वाचत नाही, असं नाना म्हणाले. गावाने मला हार घातला. मला घरी जायचं होतं.

१७ डिसेंबर
खोलीची भिंत बाहेरून गरम लागते. गोड वास सुटलाय. भिकन झरोक्यातून पाहून आला, विडीसुद्धा मागेना. ते पिवळं झालंय म्हणतो. आणि एक नाही, घड झालाय. आम्ही गाढव! कच्चा माल धुरात, उबेत कोंडला की काय होतं, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आम्हीच ते पिकवलं.

१८
मोतीलाल पळाला. नाना घराचं दार लावून बसलेत. रॉकेल घेऊन मीच आत जायला हवं होतं, लिंपलेल्या दाराशीच थांबलो. भिकनने डबा माझ्या हातून घेतला, मला बंदूक धरून दारात उभं राहायला सांगितलं. चिखल फोडून तो आत गेला. दार मागून लागलं. मी लावलं नाही —

१९
झरोक्यातून पाहिलं. दाराशी भिकनचं कातडं. नुसतं कातडं. आणि पलीकडून त्याचाच आवाज — मंजुळा, दार उघड — मंजुळा —
तिला सांगितलं. तिला पटेना. आवाज ऐकतेय ना ती.

दुपार
माझा हात झिडकारून आत गेली. धरायला हवं होतं. घट्ट धरायला —
बांधावर बसलोय. लाज वाटते, भीती त्याहून जास्त.

आता आतून दोन आवाज. तीही बोलावतेय, "भाऊ, या ना आत. लई ऊब हाये."
डबा आतच आहे. काड्यापेटी माझ्याकडे. जातो. या वेळी जातो —
थांब. नाना हाका मारताहेत. बागेतून. पण नाना तर घरा