पेटी कोणी उचलायची

मी, गयाबाई दादाराव तायडे, वय शहात्तर, माहेर-सासर दोन्ही वाशीम जिल्ह्यातलं, सध्या राहणार जानकीपुरम, लखनौ, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. उजवा कान गेला, खुब्यात लोखंड आहे, पण कोण गोड बोलून काय मागतं ते मला अजून कळतं. हे मृत्युपत्र मी कुणाच्या धाकानं करत नाही. या घरात मला धाक घालणारा एकच माणूस होता आणि तोही मला घाबरायचा.

माझं शिक्षण पलटणीच्या फॅमिली लाइनीत, म्हणजे जवानांच्या बायकापोरांच्या वस्तीत, बायकांच्या दुपारच्या वर्गात झालं. सही येते, बसचा बोर्ड वाचता येतो, एवढं लांबलचक लिहवत नाही. म्हणून शेजारची मुक्ता, जी औषधांच्या संशोधनाच्या संस्थेत शास्त्रज्ञ आहे, ती लिहिते आहे आणि मी बोलते आहे. वकील इंद्रजितबाबू म्हणाले, "माताजी, हिंदी में बनवाइए, आसान रहेगा." मी म्हटलं, हिंदी नक्कल तुम्ही करा. वाटणी आणि राग दोन्ही मला मराठीतच नीट जमतात. दोन्हींत फरक पडला तर मराठी खरं धरावं.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. मरायला सवड नव्हती.

१. माझे यजमान दादाराव सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग आलमबागला रेल्वेच्या कारखान्यात लागले. दोन्ही नोकऱ्यांच्या पैशांतून हे घर झालं. खाली तीन खोल्या, वर गच्चीवर एक. या घरावर कर्ज नाही, भांडण नाही. समोरचे गृहस्थ आपली गाडी आमच्या फाटकापुढे लावतात, ते भांडण मी जिवंतपणीच संपवणार आहे.

२. घर कुणाला, हे लिहिण्याआधी ते कुणामुळे, हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. इंद्रजितबाबू म्हणतात, कायद्याला याची गरज नाही. मला आहे.

ज्या गावात दादारावांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, त्याच गावात ते वर्दी घालून सुट्टीवर गेले तेव्हा पाटलांनी खुर्ची पुढे केली. ते बसले. मी नवीन नवरी, मला हसू आलं. खुर्ची वर्दीला होती, माणसाला नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि पाटलांवरचा तो राग मी कुणाला वाटून देत नाही, माझ्यासोबत नेते. पण पलटणीच्या लंगरात सगळे एका ओळीत ताट घेऊन उभे राहायचे, आणि वाढणारा फक्त ताट बघायचा, नाव नाही. माझा अनुप पोटात आडवा आला होता. मिलिटरी इस्पितळातल्या केरळच्या सिस्टरनं आम्हा दोघांना वाचवलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. ती मला ओरडत होती आणि मी तिला. गावात असते तर त्या दिवशी दोघंही गेलो असतो. अक्षर, पक्कं छप्पर, पोरगा आणि आजची पेन्शन, हे मला फौजेनं दिलं. त्याचे आभार मी इथं लेखी मानते, कारण तोंडी मानायला फौज कुठं एका जागी भेटते?

फौजेनं घेतलंही. दादारावांचा गुडघा घेतला. अनुप बोलायला लागला तेव्हा ते सीमेवर होते आणि परत आले तेव्हा तो त्यांना "अंकल" म्हणाला. हेही मी विसरलेली नाही.

३. शिलाई मशीन सून अरुणा हिला. मी लाइनीतल्या जवानांच्या वर्द्या त्यावर बेतल्या. अरुणाला सुईत दोरा ओवता येत नाही, हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. पण माझा खुबा मोडला तेव्हा या बाईनं मला लहान मुलासारखं न्हाऊ घातलं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. माझ्याकडून तिनं बरीच बोलणी खाल्ली, त्यांतली निम्मी बरोबर होती. बँकेत जे काही असेल ते सगळं अरुणाचं. तिनं ते स्वतःवर उडवावं, अनुपला विचारू नये.

४. पुतण्या शशिकांत याला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, रिकामा. दादारावांना पोचवून आलो त्याच दिवशी यानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "काकू, फौजेच्या कॅन्टीनचं कार्ड आता तुमच्या नावावर होईल ना?" झालं, शशिकांत. माझ्याबरोबर ते बंदही होईल.

५. दादारावांची पदकं अनुपला. याचं कारण नीट लिही, मुक्ता.

अनुप बारावीनंतर भरतीला गेला होता. पळण्यात पहिल्या पोरांत होता. मेडिकलमध्ये डॉक्टरांनी पाय बघितले, म्हणाले तळवे सपाट, घरी जा. तो आला आणि बापाच्या फौजेतल्या लोखंडी पेटीवर बसून राहिला. बाप काही बोलला नाही. अनुपला आजवर वाटतं की बापाला लाज वाटली. अरे, त्या दिवशी तुझ्या बापानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मला म्हणाले, "गया, सुटलो." एवढंच. तुला सांगायचं धाडस त्यांना झालं नाही, कारण तू रडत होतास. आता तुला कळेल ते. पोरीनं फौजेचं नाव काढल्यापासून तुझ्या घशाखाली घास उतरत नाहीये, ते मी रोज बघते.

६. आता मुख्य गोष्ट.

माझी नात प्रिया, अनुप-अरुणाची एकुलती, वय एकोणीस. तिनं मिलिटरी पोलिसात अग्निवीर म्हणून अर्ज भरला, लेखी पास झाली, पुढच्या महिन्यात पळायचं आणि मेडिकल आहे. घरात सांगितलं ते लेखीचा निकाल आल्यावर. तेव्हापासून बाप-लेक एका टेबलावर जेवत नाहीत. मग अनुप माझ्याकडे आला. म्हणाला, "आई, तू मृत्युपत्र करणार आहेस ना? त्यात लिही, प्रिया घरीच राहिली, शिकली, तर घर तिचं. फौजेत गेली तर काही नाही." अरुणा दाराआड उभी होती. तिनं नको म्हटलं नाही.

मी म्हटलं, आधी चौकशी करू दे. मलाही काळजी होती, ती काही अनुपची एकट्याची मक्तेदारी नाही. मी प्रियाला घेऊन बख्शी का तालाबला सुभेदार रमाकांत यांच्याकडे गेले. रमाकांत रंगरूट असताना दादारावांनी त्याला कवायत शिकवली होती, त्यामुळे माझ्याशी खोटं बोलायची त्याची छाती नाही.

मी विचारलं, पोरी झोपतात कुठं? म्हणाला, वेगळी बॅरेक. मी विचारलं, कडी आतून की बाहेरून? त्याला हसू आलं, मला नाही. म्हणाला, "अंदर से, माताजी. और बाहर पहरा भी लड़कियों का."

मी विचारलं, आडनाव विचारतील का? म्हणाला, "वहाँ नंबर पूछते हैं." मी म्हटलं, रमाकांत, तू चांगला माणूस आहेस म्हणून तुला असं वाटतं. मग प्रियाकडे वळून म्हटलं, कुणी विचारलंच तर सांग, मान खाली न घालता. ती म्हणाली, "आजी, कॉलेज में भी तो यही करती हूँ." हे मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, लढाई झाली तर? रमाकांतनं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "ये मैं नहीं बता सकता, माताजी." मला ते उत्तर आवडलं. कुणी "काही होत नाही" म्हटलं असतं तर मी पोरीला हाताला धरून परत आणलं असतं.

शेवटी विचारलं, चार वर्षांनी काय? म्हणाला, चारातली एखादी ठेवतात, बाकीच्यांना एकरकमी देऊन घरी पाठवतात. पेन्शन नाही. माझं जे सगळं आयुष्य पेन्शनवर टेकलेलं आहे ते हिला मिळेलच असं नाही. तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी बॅग घेऊन उतरणार, आणि कुठं जाणार?

परतताना ऑटोत मी तिला विचारलं, तुला का जायचंय ते खरं सांग, देशबिश सांगू नकोस, ते मला आजोबांनी सांगून झालंय. ती म्हणाली, "आजी, यहाँ सब पूछते हैं शादी कब करोगी. वहाँ कम से कम पूछेंगे, दौड़ कितने में निकाली." ऑटोवाला हसला. मी त्याला म्हटलं, भैया, तू समोर बघ. मग ती हळूच मराठीत म्हणाली, "आणि मला भीती पण वाटते." मराठी ती फक्त तापात आणि भीतीत बोलते.

म्हणून माझा निकाल असा:

(क) गच्चीवरची खोली, तिच्या जिन्यासकट, प्रियाची. ती फौजेत गेली तरी, नाही गेली तरी, मेडिकलात नापास झाली तरी, चार वर्षांनी परत आली तरी. ही खोली भाड्यानं देऊ नये, तिच्यात कांदे-लसूण साठवू नयेत, आणि लग्नाचा विषय काढणाऱ्या पाहुण्यांना तिथं चढवू नये. चार वर्षांनी ती कुठं जाणार, या प्रश्नाचं मला दुसरं उत्तर सापडलं नाही.

(ख) खालचं सगळं घर अनुपचं. पण एका अटीवर. अनुपला अट आवडते ना, मग त्यालाच घालते.

दादारावांची काळी लोखंडी पेटी पलंगाखाली आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आहे. बढती झाली की जुन्या हुद्द्यावर काळा रंग मारून नवा हुद्दा लिहायचे. बोट फिरवलं की खालचा शिपाई आणि नायक अजून लागतात. या पेटीवर मी पोळ्या लाटल्या, अनुपला निजवलं, आणि बुद्धवंदनेला तीच टेबल झाली. आमच्या लाइनीत रीत होती की जाणाऱ्यानं स्वतःची पेटी उचलायची नाही. घरच्या कुणीतरी ती फाटकापर्यंत न्यायची. म्हणजे याला घरानं पाठवलं, हा पळून गेला नाही, असं सगळ्यांना दिसायचं. लग्नानंतर दादाराव गावाहून पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी पेटीला हात लावला नाही. शेतावर माणूस कमी पडतो म्हणून रुसले होते, ओट्यावर बसून राहिले. पेटी मी उचलली, डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत गेले. दादारावांनी गुडघ्याचं दुखणं कधी बोलून दाखवलं नाही, पण आपल्या बापाचं ते बसून राहणं आयुष्यभर बोलून दाखवलं.

तेव्हा अट अशी: प्रिया ज्या दिवशी निघेल त्या दिवशी अनुपनं पेटी स्वतः उचलावी. हमाल नाही, ऑटोवाल्याचा हात नाही. खालचं घर त्याला त्यानंतर. ती निवडलीच गेली नाही तर अट आपोआप सुटली, घर त्याचं. पेटी मात्र प्रियाचीच. ती कुठंही गेली, शिकायला का होईना, तरी हीच न्यावी. रंगाऱ्याकडून तिचं नाव आजोबांच्या नावाखाली लिहून घ्यावं. वरचं खरवडू नये.

इंद्रजितबाबू म्हणाले, "माताजी, अगर वो आपके रहते ही चली गई तो?" मी म्हटलं, तर मी बघेन. त्याहून चांगलं काय?

७. माझे अंत्यविधी साधे असावेत. त्रिसरण-पंचशील म्हणावं. प्रिया तेव्हा ड्यूटीवर असेल तर तिला रजेसाठी रडायला लावू नये. मी कुठं जाणार आहे घाईनं.

८. हे सगळं मुक्तानं सर्वांसमोर वाचून दाखवलं. पुढचा मजकूर सही करण्याआधी वाढवला आहे.

वाचन झालं तेव्हा अनुप पाचव्या कलमापासूनच खाली बघत होता. मग उठून आत गेला. पलंग सरकल्याचा आवाज आला. पेटी खांद्यावर घेऊन बाहेर आला, अंगणातून फाटकापर्यंत गेला, समोरच्यांच्या गाडीमुळे तिथंच अडला, आणि परत आला. प्रिया म्हणाली, "पापा, अभी तो दौड़ भी नहीं हुई!" तो म्हणाला, "तुझी नाही झाली. मी माझी बघत होतो." हे तो तिच्याशी किती तरी आठवड्यांनी बोलला. अरुणा म्हणाली, "अहो, तुमची पाठ!" त्यावर तो म्हणाला, "रिकामी होती म्हणून जमलं. भरल्यावर एक कडी तू धर."

अरुणानं पदर खोचला आणि दुसरी कडी धरून बघितली.

इंद्रजितबाबूंनी विचारलं, अट आता काढायची का? काढायची नाही. रिकामी पेटी कुणीही उचलतं. फक्त सहाव्या कलमात (ख) मध्ये जिथं "अनुपनं पेटी स्वतः उचलावी" लिहिलं आहे, तिथं "अनुप आणि अरुणा या दोघांनी पेटी स्वतः उचलावी" असं वाचावं. फाटक मोकळं ठेवण्याबद्दल समोरच्या गृहस्थांना मी आज संध्याकाळीच सांगणार आहे.

वरचं सगळं मी ऐकलं, मला समजलं आणि ते माझंच आहे. अंगठा नको, सही करते. ती मला फौजेनं शिकवली.

गयाबाई दादाराव तायडे

आम्हा दोघांच्या देखत गयाबाईंनी सही केली, आणि त्यांच्या देखत आम्ही. आम्हाला यातून काही मिळत नाही, चहा सोडून. (हे वाक्य गयाबाईंनी घालायला लावलं.)

साक्षीदार १: रमाकांत, सुभेदार (निवृत्त), बख्शी का तालाब
साक्षीदार २: डॉ. मुक्ता, जानकीपुरम

स्थळ: लखनौ
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार