डावा गाल

ता. ४ नोव्हेंबर १८८९, कल्याण

सुमती विश्राम चौबळ — तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुझी एकच तसबीर माझ्यापाशी आहे, आणि तीत तू नाहीस! तीन वर्षांपूर्वी मी कचेरीच्या कामास धारवाडास असता, तू ठाण्यास जाऊन काढविलीस आणि मजकडे धाडलीस, तीच ही. गाल पुसलेल्या पाटीसारखा कोरा. देवीचा एक व्रण नाही! शिवाय तोंड असे फिरविलेले की डावा गाल दिसतच नाही. त्या गालावर, कानाखाली, तीन व्रण एकमेकांस चिकटून होते. तू वाढावयास वाकलीस की मला प्रथम तेच दिसत. आता ते आठवू जातो, तो ही तसबीर आड येते.

ता. ६

नंदाताईचे आजही तेच. थोरली बहीण म्हणून ऐकून घ्यावे तरी किती!

“भिवंडीची मुलगी आहे. या खेपेस तरी नितळ बघू रे. आईने तेव्हा पत्रिका पाहिली, तोंड पाहिलंच नाही!”

मी पानावरून उठलो. शील, बुद्धी, स्वभाव — कोणी विचारीत नाही. मनुष्यास कातडीपलीकडे काही दिसतच नाही काय?

ता. ९, ठाणे

तसबीरवाले प्रभाकरपंत यांजकडे गेलो. म्हटले, व्रण परत घाला. ते हसूच लागले.

“रावसाहेब, व्रण काढा म्हणून लोक पाया पडतात. घाला म्हणणारे तुम्ही पहिले! काळा मामलेदार गोरा करून दिला, तर त्याने शेला दिला मला!”

जीवरून तसबीर छापिली ती मूळ काच मात्र त्यांनी जपून ठेविली आहे. व्रण शिसपेन्सिलीने भरले आहेत. टर्पेंटाईनने पुसता परत दिसतील.

“मग पुसा.”

“माझ्या हातून नको. केलेलं काम मी बिघडवत नाही.”

“आणि तिला तोंड फिरवून का बसविली?”

“मी कुठं बसवली? बाईसाहेबांनी पत्र आणलं होतं, त्याबरहुकूम केलं. वहीत डकवलंय.”

कोणाचे पत्र, ते त्यांस आठवेना. घाईत होते. “सोमवारी या. मी शहाडला असेन, किल्ल्या शेजारच्या शिंप्याकडे. पत्र बघा, काचही तुम्हीच पुसा.”

ता. १०

ताईस स्पष्टच विचारले — ते पत्र तू लिहविलेस?

“अरे, मला सही येत नाही, मी पत्रं कसली लिहवते! या घरात वाचता येणारी बाई एकच होती, तुझी!”

खरे आहे. चार वर्षे मीच तुला शिकविले. सारी आळी हसली, तरी शिकविले. माझे एवढे एक कृत्य तरी निर्दोष आहे!

तेव्हा उरले तुझे वडील; पत्र त्यांचेच. पोटच्या मुलीचे तोंड झाकणारा बाप! उद्या खात्री झाली की त्यांस लिहिणार — आणि सौम्य लिहिणार नाही.

ता. ११, ठाणे

अक्षर माझे.

‘चार सुशिक्षित मित्रांस दाखविता येईल अशी तसबीर काढवावी. डावी बाजू येऊ देऊ नये. व्रणांचे काय करिता येईल तेही विचारावे.’

खाली, मीच गिरवून घेतलेल्या वळणाचे तुझे अक्षर — ‘याप्रमाणे करावे.’

काच पुसली. उजव्या गालावरचे व्रण एकेक परत आले. डावा गाल काचेवर नाहीच.

दारास कुलूप लाविले. किल्ल्या शिंप्यास परत दिल्या.